कचऱ्याच्या शेडपाशी

अर्ज माझाच होता.
हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे
कुणी मला उगाच भली बाई म्हणायला नको.

कुओपिओ. चौथा मजला, बाल्कनी तळ्याच्या बाजूला.
आमच्या बरोबर खाली इम्पी कार्वोनेन, वय एक्याऐंशी,
प्लायवूडच्या कारखान्यात बेचाळीस वर्षं काढलेली.
पहिली सिगारेट सकाळी सहाला, शेवटची रात्री दहाला,
मधल्या किती ते तिला ठाऊक
आणि माझ्या पडद्यांना.

इल्मो तेव्हा तीन वर्षांचा. दमा.
रात्री त्याची छाती वाजायची,
बंद दारामागे कुणी बारीक शीळ घालावी तशी.
मी उशाशी बसून श्वास मोजायची
आणि खिडकीच्या फटीतून तो वास यायचा,
गोडसर, जळका, बिनदिक्कत.
आधी मी त्या वासाला शिव्या दिल्या.
मग त्या वासाचा मजला शोधला.
मग घर क्रमांक अर्जात लिहिला.

बैठक तळघरात, सौनाच्या शेजारच्या खोलीत.
कॉफी, वेलची घातलेले गोड पाव, ओल्या लाकडाचा वास.
हेइमोने ठराव वाचला, घसा दोनदा खाकरून.
सगळे इतके सौजन्याने वागत होते!
भांडायची आमची रीतच ही:
माणूस समोर बसलेला असताना छताकडे बघायचं.
एकवीस विरुद्ध तीन.
इम्पीने हात वर केलाच नाही, ना या बाजूने ना त्या.
एवढंच विचारलं,
"मग उभं कुठे राहायचं?"
इतिवृत्तात ते आलं नाही.
इतिवृत्त मी लिहिलं होतं.

आता ती खाली जाते.
लिफ्ट, दोन दारं, बुटांना खिळ्यांचे पट्टे,
मग बर्फावरून कचऱ्याच्या शेडपर्यंत.
उणे एकोणीस. उजव्या हातमोज्याची दोन बोटं कापलेली.
कधी सोबतीला ब जिन्यातली सायमी असते,
रात्रपाळीची नर्स,
गणवेश दिसू नये म्हणून कोट गळ्यापर्यंत ओढून.
बसथांब्यावरचे लोक त्यांच्याकडे
उघड्या झाकणाकडे बघावं तसं बघतात.
इल्मो तिथून जाताना नाक चिमटीत धरतो,
गाल फुगवतो, सगळ्यांना दिसेल असा.
कुणी शिकवलं, विचारू नका.

त्याची छाती आता वाजत नाही.
हेही लिहून ठेवते. मी सही मागे घेतलेली नाही.

फेब्रुवारीत एका रात्री पिशवी घेऊन उतरले
आणि शेडच्या वळणावर पाय सटकला.
कोपराला धरलं ते तिने.
दुसरा हात पाठीमागे,
सिगारेट लपवलेला, शाळेतल्या पोरीसारखा.
"मुलगा कसा आहे?"
झोपतो आता, म्हटलं.
"हो, ऐकू येत नाही हल्ली," ती म्हणाली.
"पूर्वी हवेच्या झरोक्यातून खोकला खाली यायचा.
मी जागी राहून मोजायची.
वीसच्या वर गेला की जीव राहायचा नाही,
मग बाल्कनीत जाऊन आणखी एक ओढायची."

मी काही बोलले नाही.
पिशवीतून कॉफीचा चोथा गळत होता,
बर्फात तपकिरी भोकं पडत होती.
ती वर, मी खाली,
दोघी एकाच पोराचे श्वास मोजत होतो
आणि एकीची मोजणी दुसरीच्या खिडकीत शिरत होती.

हल्ली आमच्या घरी कचरा फार होतो.
अर्धी पिशवी असली तरी मी खाली जाते.
वारा पाठीवर घेऊन उभी राहते, धूर इकडे येऊ नये म्हणून.
ती त्याचा राग धरत नाही.
प्लायवूडच्या गोंदाचा वास कसा असायचा, ते सांगते;
त्याला तेव्हा कुणी मनाई केली नव्हती.

यंदाच्या विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर:
शेडपाशी बाक, एक, छपरासह.
अर्ज माझाच.
हेइमो फोनवर म्हणाला,
"बाक दिला की लोक बसतील."
हो, म्हटलं.